फॉर्म्युला वनची खुली विदा

फॉर्म्युला वनची खुली विदा म्हणजे फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपदातील शर्यतींचे निकाल, फेऱ्यांच्या वेळा, पिट थांबे, टायरांचा वापर आणि गाड्यांचा वेग यांच्या संगणकाला थेट वाचता येतील अशा, तसेच अभ्यास, अध्यापन व संशोधनासाठी कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशा नोंदी होत. १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोन येथे झालेल्या पहिल्या अजिंक्यपद शर्यतीपासूनचे निकाल या स्वरूपात उपलब्ध आहेत. यातील बहुतेक विदासंच अधिकृत संस्थांनी नव्हे, तर स्वयंसेवकांनी तयार केले व सांभाळले आहेत. अर्गास्ट, जोल्पिका-एफ-वन, एफ-वन-डीबी, फास्ट-एफ-वन आणि ओपन-एफ-वन ही त्यांतील प्रमुख नावे होत. संख्याशास्त्र, यंत्रशिक्षण आणि वाहन अभियांत्रिकी या विषयांच्या अध्यापनात व संशोधनात या विदेचा मोठा वापर होतो.

संकल्पना

एखाद्या शर्यतीचा निकाल वृत्तपत्रात छापून येतो किंवा संकेतस्थळावर दिसतो, तेव्हा तो सार्वजनिक होतो. परंतु तेवढ्याने तो ‘खुली विदा’ होत नाही. खुल्या विदेसाठी दोन अटी महत्त्वाच्या मानल्या जातात. पहिली अट अशी की नोंदी तक्त्याच्या किंवा तत्सम नियमबद्ध रूपात असाव्यात, म्हणजे संगणकाला त्यांतून हवी ती माहिती निवडता, जोडता व मोजता येते. दुसरी अट परवान्याची. ती विदा कोणी, कशासाठी आणि कोणत्या शर्तींवर वापरावी हे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. क्रिकेटचा धावफलक जसा एका दृष्टिक्षेपात वाचता येतो, पण पन्नास वर्षांचे धावफलक एकत्र करून प्रश्न विचारायचा झाल्यास ते सारे एकाच साच्यात असावे लागतात, तसेच येथेही आहे.

हा साचा घडवणे दिसते तितके सोपे नाही. शुमाकर आडनावाचे तीन चालक, मायकल, राल्फ आणि मिक, फॉर्म्युला वनमध्ये उतरले. योस व्हर्स्टॅपन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन हे पितापुत्र दोघेही चालक. म्हणून प्रत्येक चालकाला स्वतंत्र, न बदलणारी ओळखखूण द्यावी लागते. संघांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. टोलमन हा संघ पुढे बेनेटन झाला, मग रेनॉल्ट, नंतर लोटस, पुन्हा रेनॉल्ट आणि अखेर अल्पाइन. कारखाना बहुतांशी तोच, नावे मात्र निरनिराळी. यांना एक संघ मानायचे की अनेक, याचा निर्णय विदा जमवणाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाचे पडसाद पुढच्या प्रत्येक आकडेमोडीत उमटतात.

अर्गास्ट आणि त्यानंतर

या क्षेत्रात दीर्घकाळ पायाभूत ठरलेली सेवा म्हणजे अर्गास्ट. ही बिगरव्यावसायिक उपयोगासाठी विनामूल्य चालवलेली, स्वतःला प्रायोगिक म्हणवणारी एक वेबसेवा होती. तिच्यात १९५०पासूनचे हंगाम, शर्यती, मार्ग, चालक, कारनिर्माते, निकाल आणि गुणतक्ते परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या रूपात होते. वापरकर्त्याने ठरावीक रचनेचा पत्ता लिहिला की उत्तर एक्सएमएल किंवा जेसन या रूपात परत येत असे. हंगाम, शर्यतीचा क्रमांक आणि ‘निकाल’ एवढे तीन घटक पत्त्यात घातले की पूर्ण निकालपत्रक हाती पडे. संपूर्ण विदागार सीएसव्ही स्वरूपात एकदम उतरवून घेण्याचीही सोय होती. सेवेवर ताण पडू नये म्हणून सेकंदाला चार आणि तासाला दोनशे विनंत्यांची मर्यादा होती.

अर्गास्टचा खरा प्रभाव तिच्या थेट वापरापेक्षा इतरत्र दिसला. कॅगल या विदाविज्ञानाच्या व्यासपीठावरील फॉर्म्युला वनचा बहुपरिचित विदासंच अर्गास्टमधूनच घेतलेला होता. भ्रमणध्वनीवरील अनेक छोटी अनुप्रयोगे, विद्यापीठांतील प्रकल्प, छंद म्हणून आलेख काढणाऱ्यांचे लेखन, यांतील आकडे शोधत मागे गेल्यास वाट बहुधा याच एका सेवेपाशी येऊन थांबत असे. साहजिकच ही सेवा २०२४च्या अखेरीस बंद होणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रश्न एका संकेतस्थळापुरता उरला नाही. तिच्यावर विसंबलेला प्रत्येक कार्यक्रम एका दिवसात निकामी होण्याची शक्यता निर्माण झाली.

तसे पूर्णतः घडले नाही, कारण जुना विदासंच परवान्यानुसार आधीच अनेकांच्या हाती होता. जोल्पिका-एफ-वन या स्वयंसेवी प्रकल्पाने अर्गास्टशी सुसंगत अशी नवी सेवा उभी केली. पत्त्यांची रचना आणि उत्तरांचा साचा जुनाच ठेवल्यामुळे बऱ्याच कार्यक्रमांत केवळ मूळ पत्ता बदलणे पुरेसे ठरले. एफ-वन-डीबी हा दुसरा प्रकल्प वेगळ्या वाटेने जातो. तो विनंतीनुसार उत्तर देणारी सेवा नसून संपूर्ण विदागाराच्या क्रमाने प्रसिद्ध होणाऱ्या आवृत्त्या देतो. सीएसव्ही, जेसन, एसक्यूलाइट इत्यादी स्वरूपांतील हे विदागार संगणकावर उतरवून घेतले की पुढे इंटरनेट जोडणीचीही गरज राहत नाही. अध्यापनासाठी ही पद्धत अधिक सोयीची म्हणावी लागेल. वर्गातील तीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी विनंत्या पाठवल्यास कोणतीही मर्यादित सेवा त्यांना अडवणारच.

विदेचे तीन थर

उपलब्ध नोंदींचे साधारणतः तीन थर पडतात आणि प्रत्येक थर काळात वेगवेगळ्या खोलीपर्यंत जातो.

सर्वांत वरचा थर निकालांचा. कोणता चालक, कोणती गाडी, कितव्या स्थानावरून सुरुवात, कितव्या स्थानी समाप्ती, किती फेऱ्या, किती गुण, आणि शर्यत अर्धवट सोडली असल्यास कारण. हा थर १९५०पर्यंत जातो. कारनिर्मात्यांचे अजिंक्यपद १९५८मध्ये सुरू झाल्यामुळे त्याचे गुणतक्ते तेथून आढळतात. पात्रता फेरीच्या वेळा पूर्ण स्वरूपात २००३पासून मिळतात.

दुसरा थर फेरीनिहाय वेळांचा. अर्गास्टच्या परंपरेत या नोंदी १९९६पासून आहेत आणि पिट थांब्यांच्या नोंदी २०११पासून.

तिसरा थर दूरमापनाचा, म्हणजे धावत्या गाडीकडून येणाऱ्या मोजमापांचा. फास्ट-एफ-वन ही पायथन भाषेतील मुक्त संगणकसंहिता २०१८पासूनची अशी विदा वाचून देते. वेग, इंजिनाचे प्रतिमिनिट फेरे, गियर, थ्रॉटलचे प्रमाण, ब्रेक लावला आहे किंवा नाही आणि गाडीचे मार्गावरील स्थान यांचा तीत समावेश होतो. शिवाय टायरचा प्रकार व वय, हवामान आणि शर्यत नियंत्रण कक्षाचे संदेशही मिळतात. ओपन-एफ-वन ही सेवा अशाच प्रकारची विदा २०२३च्या हंगामापासून पुरवते. या दोन्हींचा उगम फॉर्म्युला वनच्या थेट वेळनोंदणीच्या प्रवाहात असला, तरी दोन्ही प्रकल्प अनधिकृत आहेत आणि तसे ते स्वतःच नमूद करतात.

थरांच्या आकारमानातील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. २०२४च्या अखेरपर्यंत अजिंक्यपदाच्या १,१२५ शर्यती झाल्या. त्यांच्या निकालांच्या ओळी पंचवीस हजारांहून थोड्या अधिक भरतात. साध्या स्प्रेडशीटमध्ये त्या सहज मावतात. १९९६पासूनच्या फेऱ्यांच्या ओळी पाच लाखांच्या पुढे जातात. दूरमापनाचे प्रमाण याहून वेगळे आहे. सेकंदाला साधारण ३.७ नोंदी या दराने वीस गाड्यांच्या दीड तासाच्या एकाच शर्यतीत सुमारे चार लाख ओळी तयार होतात. म्हणजे एका दुपारची विदा जवळजवळ तीन दशकांच्या फेऱ्यांच्या नोंदींएवढी होते.

तरीही ती संघांकडील विदेच्या तुलनेत विरळच आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. सेकंदाला ३.७ नोंदी असतील तर दोन नोंदींच्या मध्ये सुमारे २२ मीटर अंतर निघून जाते. मधल्या जागा गणिती अंदाजाने भराव्या लागतात. त्यामुळे ‘अमुक चालकाने तमुकापेक्षा पाच मीटर उशिरा ब्रेक लावला’ असे विधान या विदेवरून केले जाते, तेव्हा ते विदेच्या कुवतीपलीकडचे असते. ब्रेकची नोंदही ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच मिळते. किती दाब दिला हे कळत नाही. अशी विधाने करणारे रंगीत आलेख पुष्कळ आढळतात आणि आकर्षक असल्यामुळे ते खरेही वाटतात.

फेरीच्या वेळेचे विश्लेषण

टायर किती वेगाने झिजतात, हा फेरीनिहाय विदेला विचारला जाणारा सर्वांत सामान्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर थेट आकड्यांत दिसत नाही, याचे कारण इंधन.

२०१०पासून शर्यतीच्या मध्ये इंधन भरण्यास बंदी आहे. त्यामुळे गाडी सुरुवातीलाच सगळे इंधन घेऊन निघते. २०१९पासून शर्यतीसाठी या इंधनाची कमाल मर्यादा ११० किलो होती. प्रत्येक फेरीगणिक इंधन जळते, गाडी हलकी होते आणि वेगवान होते. त्याच वेळी टायर झिजतात आणि गाडी मंदावते. फेरीची नोंदलेली वेळ ही या दोन विरुद्ध परिणामांची गोळाबेरीज असते.

समजा, एका कल्पित शर्यतीत ५० फेऱ्या आहेत आणि गाडीत १०० किलो इंधन आहे. प्रत्येक फेरीत २ किलो इंधन जळते. दहा किलो वजनामागे फेरीला ०.३ सेकंद हे सर्वसाधारणपणे वापरले जाणारे ढोबळ प्रमाण धरले, तर इंधन जळाल्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ०.०६ सेकंदाने जलद व्हायला हवी. आता एखाद्या चालकाच्या सलग वीस फेऱ्यांच्या वेळा जवळपास सारख्याच दिसल्या, तर टायर झिजले नाहीत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात टायरांनी दर फेरीला ०.०६ सेकंद गमावले आहेत. इंधनाने ते झाकले एवढेच. विसाव्या फेरीपर्यंत ही झाकलेली झीज १.१ सेकंदाहून अधिक होते, आणि नवे टायर घातल्याबरोबर ती एकदम उघडी पडते. आधी थांबणारा चालक नंतर थांबणाऱ्याला मागे टाकतो, तो याच फरकाच्या बळावर.

हे गणित करण्यापूर्वी काही फेऱ्या वगळाव्या लागतात. पहिली फेरी स्थिर अवस्थेतून सुरू होते. पिटमध्ये शिरतानाची व पिटमधून निघतानाची फेरी अर्थातच लांबते. सुरक्षा गाडी मार्गावर असताना सर्वच गाड्या संथ चालतात. २०१५पासून वापरात आलेल्या आभासी सुरक्षा गाडीच्या काळातही तसेच. एवढे गाळूनही समोरच्या गाडीमागे अडकलेला चालक, मुद्दाम टायर जपणारा चालक आणि खरोखरच मंद झालेला चालक यांच्यातील भेद आकडे सांगत नाहीत. गाड्यांमधील अंतर पाहून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

टायरांच्या नावांतही एक खोच आहे. नोंदीत ‘हार्ड’, ‘मीडियम’ व ‘सॉफ्ट’ अशी तीन नावे येतात. पुरवठादार पिरेली कंपनीकडे मात्र सी-१, सी-२ अशा क्रमांकांची रबरमिश्रणांची मोठी मालिका असते आणि प्रत्येक शर्यतीसाठी तिच्यातून तीन निवडली जातात. एका मार्गावरचा ‘मीडियम’ दुसऱ्या मार्गावर ‘सॉफ्ट’ म्हणून येऊ शकतो. दोन शर्यतींतील ‘मीडियम’ टायरांची सरसकट तुलना म्हणूनच फसवी ठरते.

चालक की गाडी?

यश चालकाचे किती आणि गाडीचे किती, हा फॉर्म्युला वनमधील सर्वांत जुना वाद. खुल्या विदेमुळे तो चहाच्या टेबलावरून संख्याशास्त्रीय नियतकालिकांत पोहोचला.

दोन चालक एकाच संघात असतात तेव्हा त्यांची गाडी बहुतांशी सारखी असते, म्हणून त्यांची तुलना बऱ्याच अंशी न्याय्य ठरते. चालक संघ बदलत राहतात, त्यामुळे अशा तुलनांची साखळी तयार होते. लुइस हॅमिल्टन आणि आयर्टन सेना कधीही एका शर्यतीत उतरले नाहीत. पण हॅमिल्टन मर्सिडीजमध्ये निको रॉसबर्गसोबत होता, रॉसबर्ग त्याआधी मायकल शुमाकरसोबत, शुमाकर १९९१मध्ये बेनेटनमध्ये नेल्सन पिकेसोबत, पिके ब्रॅबहॅममध्ये निकी लाउडासोबत, लाउडा मॅकलारेनमध्ये अलेन प्रोस्टसोबत आणि प्रोस्ट तेथेच सेनासोबत. ही एकच साखळी फार तकलादू आहे, कारण शुमाकर पुनरागमनानंतर चाळिशी ओलांडलेला होता आणि पिके कारकिर्दीच्या अखेरीस. परंतु अशा शेकडो साखळ्या एकाच वेळी विचारात घेतल्या की प्रतिमानाला आधार मिळतो. एकाच निरीक्षणाची चालक, संघ आणि संघाचा तो हंगाम अशा निरनिराळ्या पातळ्यांवर विभागणी करणाऱ्या या पद्धतीला बहुस्तरीय प्रतिमान म्हणतात.

ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६मध्ये ‘जर्नल ऑफ क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिस इन स्पोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१४ या काळाचे असे प्रतिमान मांडले. संघाचा प्रभाव वजा केल्यास हुआन मॅन्युएल फँगियो हा सर्वकालीन श्रेष्ठ चालक ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. संघाचा वाटा चालकाच्या वाट्यापेक्षा मोठा असून काळाबरोबर तो वाढत गेला आहे, तर पावसात आणि शहरी रस्त्यांवरील मार्गांवर तो काहीसा कमी होत असावा, असेही त्यांना आढळले. त्याच नियतकालिकात २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने २०१४ ते २०२१ या संकरित इंजिनांच्या काळाचा बेझियन पद्धतीने विचार केला. त्यात हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन हे सर्वोत्तम चालक ठरले आणि निकालांतील सुमारे ८८ टक्के विचरण कारनिर्मात्यामुळे स्पष्ट होते, असे दिसले.

या ८८ टक्क्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. शर्यत जिंकण्यात चालकाचे श्रेय फक्त १२ टक्के, असा त्याचा अर्थ नव्हे. हे प्रमाण चालकाचालकांमधील आणि गाडीगाडीमधील फरकांविषयी आहे. फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले चालक जगभरातून गाळून आलेले असतात. त्यांच्यातील अंतर स्वाभाविकपणेच थोडे असते, तर गाड्यांमधील अंतर मोठे. तेथे सामान्य माणसे गाडी चालवू लागली, तर चालकाचा वाटा लगेच प्रचंड वाढेल.

व्यूहरचनेची नक्कल

म्युनिक तंत्रविद्यापीठातील वाहनतंत्र विभागाने खुल्या विदेचा वेगळा उपयोग केला. तेथील संशोधकांनी संपूर्ण शर्यतीची संगणकीय नक्कल करणारी प्रणाली तयार करून तिची संहिता सर्वांसाठी खुली ठेवली. अपघात, सुरक्षा गाडी, पिट थांब्यात होणारा विलंब अशा अनिश्चित घटना मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे पुनःपुन्हा यदृच्छया फासे टाकून, या नकलेत आणल्या जातात. २०१४ ते २०१९ या हंगामांच्या वेळनोंदींवर शिकवलेली चेताजालेही याच गटाने मांडली. त्यांतील एक जाल थांबायचे की नाही हे ठरवते, दुसरे कोणता टायर घालायचा हे. याच विभागाने वीसहून अधिक शर्यतमार्गांच्या मध्यरेषा व रुंदी यांचा संचही प्रसिद्ध केला आहे. मध्यरेषा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून आणि रुंदी उपग्रहचित्रांतून घेतलेली आहे. एका खुल्या विदेवर दुसरी उभी राहते, ती अशी.

आकडे वाचताना

विदेतील रकाने पूर्ण आणि अचूक असूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. फॉर्म्युला वनच्या नोंदींत याची उदाहरणे पावलोपावली सापडतात.

१९८८च्या हंगामात प्रोस्टने सात विजय व सात दुसरी स्थाने मिळवली. विजयाला ९ आणि दुसऱ्या स्थानाला ६ गुण होते, म्हणजे त्याचे एकूण १०५ गुण झाले. सेनाचे एकूण गुण ९४. बेरीज करणारा कोणताही कार्यक्रम प्रोस्टला अजिंक्य ठरवील. अजिंक्यपद मात्र सेनाला मिळाले, कारण त्या काळी सोळांपैकी सर्वोत्तम अकरा निकालच धरले जात. त्या हिशेबाने सेनाचे ९० आणि प्रोस्टचे ८७ गुण झाले. निकाल वगळण्याचा हा प्रकार १९९०च्या हंगामापर्यंत चालू होता.

गुणपद्धतीही वारंवार बदलली. विजयाला प्रारंभी ८ गुण होते, १९६१पासून ९, १९९१पासून १० आणि २०१०पासून २५. म्हणून कारकिर्दीतील एकूण गुणांवरून वेगवेगळ्या पिढ्यांतील चालकांची क्रमवारी लावणे निरर्थक आहे. फँगियोने ५१ शर्यतींत २४ विजय मिळवले, ही नोंद त्याच्या गुणांपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

१९५० ते १९६० या काळात अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जागतिक अजिंक्यपदात गणली जाई. तिच्यात धावणारे बहुतेक अमेरिकी चालक उरलेल्या हंगामात कोठेच नसत. १९५०च्या दशकाचा अभ्यास करणाऱ्याने त्यांना ठेवायचे की वगळायचे हे आरंभीच ठरवावे लागते. त्याच दशकात एक गाडी दोन चालकांनी वाटून चालवण्याची मुभा होती. तीन शर्यतींचा विजय अशा रीतीने दोघांच्या नावे नोंदला गेला आहे. १९५७च्या ब्रिटिश ग्रांप्रीतील टोनी ब्रुक्स आणि स्टर्लिंग मॉस यांचा विजय हा त्यांतील शेवटचा. त्यामुळे सर्व चालकांच्या विजयांची बेरीज शर्यतींच्या संख्येपेक्षा जास्त भरते. ती विदेतील त्रुटी नव्हे.

२०२१ची बेल्जियन ग्रांप्री पावसामुळे सुरक्षा गाडीमागेच आटोपली आणि निम्मे गुण देण्यात आले. विजेत्या व्हर्स्टॅपनच्या खात्यावर १२.५ गुण दिसतात. फेऱ्यांच्या वेळांची सरासरी काढणाऱ्या कार्यक्रमाला ही शर्यत अत्यंत मंद मार्गावरची वाटेल. पिट थांब्यांच्या तक्त्यात दिलेला वेळ पिट मार्गिकेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा असतो. तो बहुधा वीस सेकंदांच्या पुढे जातो, तर टायर बदलताना गाडी प्रत्यक्षात दोन-तीन सेकंदच उभी असते. शर्यत लाल निशाण दाखवून थांबवली गेल्यास याच रकान्यात कित्येक मिनिटांचा ‘थांबा’ येतो.

हक्क आणि परवाने

‘विनामूल्य’ आणि ‘निर्बंधरहित’ या दोन गोष्टी एक नव्हेत. अर्गास्टची विदा श्रेयनिर्देश, बिगरव्यावसायिक वापर आणि त्याच शर्तींवर पुनर्वितरण या अटींच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होती. एफ-वन-डीबीचा परवाना केवळ श्रेयनिर्देशाची अपेक्षा करतो. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक जाणवणार नाही. पण तोच विद्यार्थी पुढे त्यावर सशुल्क अनुप्रयोग काढू लागला, तर तो निर्णायक ठरतो.

शर्यत कोण जिंकले ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचा लेखाधिकार नसतो. तिच्या संग्रहाचा प्रश्न वेगळा. युरोपीय संघाने १९९६च्या निर्देशाने विदासंग्रहांना पंधरा वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला. मात्र युरोपीय न्यायालयाने २००४मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या विदेसंबंधीच्या खटल्यात असे स्पष्ट केले, की हा हक्क अस्तित्वात असलेली माहिती गोळा करण्यासाठी केलेल्या गुंतवणुकीला आहे, ती माहिती मुळात निर्माण करण्याच्या खर्चाला नव्हे. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय विदासंग्रहांचा समावेश साहित्यकृतींच्या व्याख्येत होतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या एका निकालात संकलनासाठी नुसते श्रम पुरेसे न मानता किमान सर्जनशीलतेची अपेक्षा व्यक्त केली.

शर्यत चालू असतानाच्या थेट विदेला व्यावसायिक मोल आहे. झालेल्या शर्यतीच्या विदेला ते बरेच कमी. ओपन-एफ-वनमध्ये हे विभाजन उघड दिसते. झालेल्या सत्रांची विदा तेथे विनामूल्य मिळते, थेट प्रवाहासाठी मात्र शुल्क भरावे लागते.

भारतीय संदर्भ

फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नरेन कार्तिकेयन याने २००५मध्ये जॉर्डन संघातर्फे पदार्पण केले. त्या वर्षीच्या अमेरिकन ग्रांप्रीसमोर त्याच्या नावे चौथे स्थान आणि ५ गुण दिसतात. मिशेलिन कंपनीचे टायर त्या मार्गावर सुरक्षित नसल्यामुळे वीसपैकी चौदा गाड्यांनी संचलन फेरीनंतर माघार घेतली होती आणि शर्यत सहाच गाड्यांत झाली, ही पार्श्वभूमी गुणांच्या रकान्यात नाही. दुसरा भारतीय चालक करुण चंधोक २०१० व २०११ या हंगामांत ११ शर्यतींत उतरला.

फोर्स इंडिया संघ २००८पासून स्पर्धेत होता. २०१८च्या ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणीनंतर तो नव्या मालकांकडे गेला आणि रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया या नावाने नवा संघ म्हणून नोंदला गेला. तोवर मिळवलेले ५९ गुण संघाच्या खात्यातून रद्द झाले, चालकांचे मात्र कायम राहिले. परिणामी सर्जिओ पेरेझचे ६२ आणि एस्तेबान ओकॉनचे ४९ मिळून १११ गुण होतात, तर संघाच्या नावापुढे ५२च दिसतात.

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११, २०१२ व २०१३ अशा तीन भारतीय ग्रांप्री झाल्या. तिन्हींत पोल पोझिशन आणि विजय सेबास्टियान फेटेलचा होता. ५.१२५ किलोमीटर लांबीच्या या मार्गावरील १ मिनिट २७.२४९ सेकंद हा फेरीचा विक्रमही त्यानेच २०११च्या शर्यतीत नोंदवला. या तिन्ही शर्यतींच्या प्रत्येकी ६० फेऱ्यांच्या वेळा आणि सर्व पिट थांबे खुल्या विदेत मिळतात. सार्वजनिक दूरमापनाच्या नोंदी २०१८पासूनच्या असल्यामुळे या मार्गावरील गाड्यांच्या वेगाचे आलेख मात्र तिच्यातून काढता येत नाहीत.